दुरुस्तीच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर घेताना

समजा, मानोरा गावात आपलं फ्रिज, कूलर, आरओ आणि मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. हाताखाली तीन पोरं, दोन गाड्या. कंप्लेंट फोनवर येते, व्हॉट्सअॅपवर येते, आणि बाजाराच्या दिवशी माणूस स्वतःच दुकानात येऊन सांगून जातो. एप्रिलमध्ये कूलरची गर्दी सुरू झाली की यातली एखादी हमखास राहून जाते.

अशा धंद्यासाठी ‘फील्ड सर्व्हिस मॅनेजमेंट’ या नावाखाली सॉफ्टवेअरं मिळतात. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जे काम होतं, त्याचा सगळा हिशेब एका जागी ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. तक्रार कुणाची, गेलं कोण, पार्ट कोणता बसवला, पैसे किती आले, गॅरंटी कधी संपते. जॉबर आणि हाउसकॉल प्रो ही कॅनडा-अमेरिकेकडची नावं. आपल्या चेन्नईच्या झोहोचंही असं एक आहे. पण नाव कोणतं, हा प्रश्न नंतरचा.

आधी आठवडाभर आपलंच काम वहीत उतरवून काढा. पोहरादेवीहून फोन आला, फ्रिज थंड करत नाही. पोरगा गेला, रिले जळालेला निघाला, तो गाडीत नव्हता. परत येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. पैसे निम्मे मिळाले, बाकी ‘पुढच्या आठवड्यात’. आता बघा, नुकसान कुठं झालं? फोन घेताना मॉडेल विचारलं नाही म्हणून दुसरी फेरी पडली, आणि उधारी वहीत चढलीच नाही. अशा दहा-पंधरा कामांची नोंद झाली की आपली गळती कुठे आहे ते दिसतं. सॉफ्टवेअर त्या गळतीसाठी घ्यायचं. विकणारा चाळीस सोयी दाखवील. त्यातल्या चार आपल्या कामाच्या असतात.

दुसरा प्रश्न: लागतंच का? आपण एकटेच असाल किंवा सोबत एखादाच कारागीर असेल, तर व्हॉट्सअॅप बिझनेस पुरतं. ते फुकट आहे. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल, म्हणजे रंगीत खूणचिठ्ठी, लावता येते: ‘नवीन तक्रार’, ‘पार्ट यायचाय’, ‘पैसे बाकी’. जोडीला गूगल शीटचा एक तक्ता ठेवला की झालं. तीन-चार माणसं वेगवेगळ्या दिशांना फिरायला लागली आणि कोण कुठं आहे हे विचारण्यातच दुपार जाऊ लागली, की मग पुढची पायरी.

आता निवड. पहिली कसोटी नेटवर्कची. ‘ऑफलाइन चालतं’ असं सगळेच सांगतात. त्याचा अर्थ नेट नसताना नोंद फोनमध्ये साठते आणि रेंज आली की आपोआप वर चढते. हे दुकानातलं नेट सुरू ठेवून तपासू नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, एक पूर्ण काम भरा, फोटो जोडा, अॅप बंद करून पुन्हा उघडा आणि मग नेट सुरू करा. फोटोसकट नोंद वर गेली तर ठीक. कित्येक अॅप नेटशिवाय फक्त जुनी यादी दाखवतात, नवं काही भरू देत नाहीत.

दुसरी कसोटी नावांची, आणि आपल्या भागात ती फार महत्त्वाची. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे ही आडनावं तांड्यातांड्यावर आहेत. नावही तेच असलेले दोघंतिघं सहज निघतात. त्यात एक पोरगा देवनागरीत लिहितो, दुसरा इंग्रजीत. शोधलं की सापडत नाही, म्हणून नवीन खातं उघडलं जातं, आणि एकाच घरची तीन खाती होतात. मग गॅरंटी पाहायची कुठल्या खात्यात? म्हणून ओळख मोबाइल नंबरावरून ठरवा, पण एका खात्याला दोन-तीन नंबर जोडता येतात का ते विचारा. फोन आज बापाचा असतो, उद्या पोराचा. पत्त्याच्या रकान्यात पिनकोड आणि रस्त्याचं नाव सक्तीचं असेल तर ते सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही. ‘मारुतीच्या देवळामागं, निळं गेट’ असं मोकळेपणानं लिहिता आलं पाहिजे, आणि पोरगा पहिल्यांदा पोचला की नकाशावर ठिकाण साठवता आलं पाहिजे.

कामं वाटतानाही दिशा बघावी लागते. इंझोरी कारंजा रस्त्याला, पोहरादेवी दुसरीकडं. दोन्ही एकाच पोराच्या यादीत टाकली तर पेट्रोलच जळायचं. नकाशावर कामं एकत्र दाखवणारी सोय इथं उपयोगी पडते. आपोआप मार्ग आखून देणाऱ्या महागड्या सोयीची मात्र एवढ्या धंद्याला गरज नाही. ते काम आपल्या डोक्यात आधीच चांगलं होतं.

बिलाचा भाग नीट पाहा. सेवेच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. पण सॉफ्टवेअरात बिलावर १८ टक्के आधीच लावून ठेवलेले असू शकतात. पहिलं बिल काढण्याआधी ते बंद करा.

किंमत बहुधा ‘माणशी, महिन्याला’ अशी असते. समजा ५०० रुपये सांगितले. तीन पोरं आणि आपण मिळून चार. महिन्याला २,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. वर्षाचे २८,३२०. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या मेसेजचे पैसे कधीकधी वेगळे असतात. वर्षाचे एकदम भरले तर सवलत मिळते खरी, पण पहिल्या वर्षी तो मोह टाळावा. महिन्याचा दर थोडा जास्त पडला तरी सुटायची वाट मोकळी राहते.

चाचणीचा काळ फुकट असतो, तो कूलरच्या मोसमात वाया घालवू नका. पावसाळा लागून कूलरची गर्दी ओसरली की सुरू करा, आणि तेही एकाच पोरापासून. जो फोनवर सराईत आहे त्याला देण्यापेक्षा, जो कंटाळा करतो त्याला द्या. त्याला जमलं तर सगळ्यांना जमेल. एका कामासाठी पाचहून जास्त रकाने भरावे लागत असतील तर तो संध्याकाळी सगळं एकदम, आठवून आठवून भरील. अशा नोंदीचा उपयोग नाही.

पोरांच्या मनात एक शंका येणारच: हे आमच्यावर पाळत ठेवायला आहे का? लोकेशन दिसणार असेल तर आधीच सांगा, आणि कामाची वेळ संपली की ते बंद होईल याची सोय करा. लपवून ठेवलं आणि त्यांना नंतर कळलं, तर फोन ‘चार्जिंगला’ राहायला लागतात. वही आणि अॅप दोन्ही महिनोन्‌महिने चालवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. तारीख ठरवून वही बंद करावी, नाहीतर दोन्हीकडं अर्धवट नोंदी राहतात.

पैसे भरण्याआधी एक शेवटची तपासणी. चाचणीत भरलेली गिऱ्हाइकं, कामं आणि उधारी एक्सेल तक्त्यात बाहेर काढून बघा. नुसती नावं आणि नंबर निघाले, पण कुठल्या तारखेला कोणता पार्ट बसवला ते निघालं नाही, तर दुसरं शोधा. तक्ता नीट निघाला तर दर महिन्याला तो काढून पेनड्राइव्हवर ठेवायचं काम कुणाचं, हे त्याच दिवशी ठरवून टाका.