तुडतुड्यांची कात आणि निंबोळी अर्काची वेळ

पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील धानाचे गाव. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा दमट व ढगाळ राहिली की बांधीत तपकिरी तुडतुडे वाढतात आणि पाहता पाहता मधला धान जळाल्यासारखा दिसू लागतो. अशा वेळी निंबोळी अर्क फवारला तरी दुसऱ्या दिवशी तुडतुडे जसेच्या तसे असतात, अशी शेतकरी बंधूंची तक्रार असते. ती खोटी नाही. पण निंबोळी मुख्यतः ज्या ठिकाणी घाव घालते, ते ठिकाण समजून घेतले तर फवारणी केव्हा करावी हे आपोआप कळेल.

किडीचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. तो ताणून वाढत नाही, म्हणून वाढायचे तर कात टाकावीच लागते. अंड्यातून निघालेले तुडतुड्याचे पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकते. चुडाच्या बुंध्याशी पाण्यावर ज्या बारीक पांढरट साली तरंगतात, त्या या काती होत.

कात टाकण्याचा हुकूम मेंदूकडून निघतो. तो छातीतील ग्रंथीला पोचला की तेथे एक्डायसोन नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. हे काम विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात. विकरे आपल्याला अपरिचित नाहीत. धानाच्या बियाण्याला कोंब फुटताना दाण्यातील पिष्टाची साखर होते, ती विकरांमुळेच. किडीच्या ग्रंथीत कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थापासून एक्डायसोन बनते. गंमत अशी की कीड हा कच्चा माल स्वतः तयार करू शकत नाही. बहुतेक किडींना तो अन्नातून मिळवावा लागतो, तर तुडतुड्याला तो त्याच्या शरीरात राहणारे यीस्टसारखे सूक्ष्मजीव पुरवतात.

पुढे एकामागून एक विकरे त्या पदार्थात थोडाथोडा बदल करीत जातात. त्यातले एक जरी बंद पडले तरी साखळी तुटते. फळमाशीवरील प्रयोगांत अशा तुटलेल्या साखळीच्या माश्या अंड्यातच, अंगावर नीट कवच न येता मेल्या. त्यांचे ते रूप पाहून शास्त्रज्ञांनी या विकरांच्या जनुकांना भुताखेतांची नावे दिली! शेवटचे विकर ग्रंथीबाहेर काम करते आणि एक्डायसोनला खरे कार्यक्षम रूप देते. हे संप्रेरक किती अल्प प्रमाणात असते पहा. 1954 साली जर्मनीत ब्यूटेनांट व कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे 500 किलो कोष वापरले, तेव्हा हाती आले अवघे 25 मिलिग्रॅम.

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन नेमके येथे आड येते. मेंदूचा हुकूम ग्रंथीपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय ते शेवटचे विकरही मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परिणामी पिल्लू जुन्या कातीत अडकून मरते, पण हे घडते पुढची कात टाकायची वेळ आल्यावर. त्याआधी ते चालताफिरताना दिसणारच. पंख फुटलेल्या प्रौढाला तर कात टाकायचीच नसते. म्हणून प्रौढांनी भरलेल्या बांधीत निंबोळी फवारून तुडतुडे मरण्याची वाट पाहणे म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर जाणे होय.

यासाठी धान फुटव्यावर असल्यापासून दर आठवड्याला चूड फाकवून बुंध्याशी पहावे. बारीक, फिकट पिल्ले दिसू लागताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळीची पूड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी, 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण 100 लिटर करावे. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर नाश पावते, म्हणून फवारणी सायंकाळीच करावी व नोझल बुंध्याकडे धरावे. बांधीतील पाणी तीन-चार दिवस काढून टाकल्यास आणखी बरे. एका चुडात दहाच्या वर तुडतुडे झाले असतील तर मात्र निंबोळीवर विसंबू नये, तुडतुड्यांसाठी शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे टाळावीत. त्यांनी तुडतुडे उलट वाढतात, कारण त्यांना खाणारे कोळी व ढेकूणही त्यात मरतात.

आपल्या जिल्ह्यात एक खबरदारी वेगळी घ्यावी लागते. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढणारी कोसा अळीही याच संप्रेरकांवर चार वेळा कात टाकते. कोशातला किडा उन्हाळाभर झोपून राहतो, तोही मेंदूचा हुकूम थांबलेला असतो म्हणून. पावसाळा लागला की तो हुकूम सुटतो आणि पतंग बाहेर पडतो. निंबोळीला तुडतुडा आणि कोसा यांत फरक कळत नाही. तेव्हा रानालगतच्या बांधीत फवारताना, झाडांवर अळ्या असतील व वारा तिकडे वाहत असेल तर त्या संध्याकाळी पंप घरीच ठेवावा.