तालयंत्राचे दिवस
१९७९ च्या जुलैत शिकागोच्या क्रीडांगणात तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून डिस्कोच्या हद्दपारीचे जणू फर्मानच निघाले, तरी न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइज गराज’ या नृत्यगृहात डीजे लॅरी लेव्हान लोकांना पहाटेपर्यंत नाचवीतच होता. अशा नृत्यसंगीताला पुढे नवा ठेका देणाऱ्या, १९८० मध्ये आलेल्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राचा ढोल खऱ्या ढोलासारखा मुळीच वाजत नसे. विद्युन्मंडलातून उमटणारा तो खर्जातील नाद, खुंटी फिरवावी तसतसा लांबत, थेट छातीत घुमे. त्या दशकारंभाविषयी आज वाटणारी हुरहूर, माझ्या मते, अशा अपुऱ्या यंत्रातून अपूर्व नाद काढणाऱ्या कलावंतांविषयीची आहे. १९८२ मध्ये हिप-हॉप कलावंत आफ्रिका बंबाटाने ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यात क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या सुरावटीला टीआर-८०८चा ठेका जोडला, त्याच सुमारास मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या साथीने दहा राग ध्वनिमुद्रित केले.