चीट वापरला की गेमची मजा जाते का?

औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सायबर कॅफेत 'जीटीए व्हाइस सिटी' खेळलेल्या पिढीला कोड तोंडपाठ असायचे. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा हजर, 'लीव्हमीअलोन' टाइप केलं की पोलिसांचा ससेमिरा बंद!

मुळात चीट आला सोयीसाठी. १९८६ मध्ये 'ग्रेडियस'ची निन्टेन्डो आवृत्ती तयार करताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटो यांना स्वतःचाच गेम झेपेना. मग चाचणीसाठी त्यांनी बटणांचा गुप्त क्रम घातला. पुढे तोच 'कॉन्ट्रा'त दाबला की ३ ऐवजी ३० जीव मिळायचे.

एकट्याच्या खेळात फसवणूक कुणाचीच होत नाही. शहरभर धुडगूस घालायला रणगाडा झकासच! मिशन मात्र आधी बिनचीटचं खेळावं. दहादा हरून जमलेल्या मिशनचा आनंद वेगळाच. 'जीटीए ५'मध्ये तर चीट वापरला की त्या सत्रात ट्रॉफीही मिळत नाही.