घरातली धूळ येते तरी कुठून?

आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना एक अख्खा हिवाळा खोकत होता. दिवसभर ठीक, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खोकला सुरू. आईस्क्रीम बंद झालं, दही बंद झालं, सासूबाईंनी हळद-दूध सुरू केलं. इंदूरमधलं आमचं घर हमरस्त्याला लागून आहे. म्हणून दोष रस्त्यावरच्या धुळीला दिला आणि खिडक्याही बंद करून टाकल्या.

डॉक्टरांनी तपासून झाल्यावर औषध लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारले. रात्री डासांसाठी काय लावता? गादीला ऊन शेवटचं कधी दाखवलं? खोली झाडताना मूल कुठे असतं? उत्तरं देताना मला ओशाळल्यासारखं झालं. कॉइल लावत होतो, तीही बंद खोलीत. गादीचं काही आठवेना. आणि झाडताना मुलगा त्याच खोलीत पलंगावर उड्या मारत असायचा.

धूळ म्हणजे नुसती माती नव्हे

टीपॉयवर बोट फिरवल्यावर जो राखाडी थर लागतो, त्यात बाहेरची माती असते तशीच घरात तयार झालेली बरीच भर असते. आपल्या त्वचेचे गळलेले पापुद्रे, केस, चादरींचे तंतू, उदबत्तीची राख, ओलीतल्या बुरशीचे कण, झुरळांची घाण. त्वचेच्या पापुद्र्यांवर जगणारे अगदी बारीक किडे, म्हणजे डस्ट माइट, गादी-उशीत राहतात. ते साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना शिंका, सर्दी आणि दम्याचा त्रास होतो. दमट हवा त्यांना फार मानवते, त्यामुळे मुंबई, गोवा, कोलकात्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात त्यांचं फावतं.

दिसणारी धूळ बरीचशी नाकातच अडकते. जास्त घातक असतात ते न दिसणारे कण. ‘पीएम 2.5’ म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हे कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. 24 तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 मधली मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची 60. आणि हे कण फक्त गाड्यांच्या धुरातून येत नाहीत. जिथे काही जळतं, तिथे ते तयार होतात.

घरात काय काय जळतं?

सगळ्यात आधी डासांची कॉइल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके पीएम 2.5 कण बाहेर पडतात. मी हे वाचलं त्याच दिवशी उरलेलं पाकीट कचऱ्यात टाकलं. खिडक्यांना जाळी आणि पलंगावर मच्छरदाणी हा जुनाच उपाय बरा. लिक्विडच्या मशीनमधून धूर येत नाही हे खरं, पण कीटकनाशक हवेत मिसळतंच. तेव्हा तेही लावायचं तर खोली पूर्ण बंद नको.

मग उदबत्ती आणि धूप. देवाला एकच उदबत्ती पुरते, यावर सासूबाईंशी माझी दोन दिवस चर्चा चालली. शेवटी एक उदबत्ती, तीही उघड्या खिडकीपाशी, असा तह झाला.

स्वयंपाकघरात तळण किंवा मिरचीची फोडणी असेल तर ठसका लागण्याची वाट बघू नका. एक्झॉस्ट पंखा गॅस पेटवण्याआधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. त्याच्या जाळीवर तेलकट थर साचला असेल तर तो पंखा नुसताच आवाज करतो.

एका बाबतीत मात्र अजिबात हयगय नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यामुळे माणसं दगावल्याच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. न्हाणीघराच्या आत बसवलेला गॅस गिझरही तितकाच धोक्याचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.

झाडू मारण्याची पद्धत

कोरडा झाडू जोरात मारला की धूळ जाते कमी, उडते जास्त. मोठे कण थोड्या वेळात खाली बसतात, बारीक कण तासन् तास तरंगत राहतात. सगळ्यात जास्त धूळ जाते ती झाडणाऱ्याच्या नाकात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी याबद्दल कधी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, “शिंका तर रोजच्याच, वहिनी.” आता झाडू जमिनीला टेकवून हळू चालतो, लगेच ओल्या फडक्याने लादी पुसली जाते आणि ताई तोंडाला मास्क लावतात. मुलं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत.

सुरुवात वरून करा. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ आतच राहते. मग कपाटं, मग जमीन. चपला दाराबाहेर काढायची आपली जुनी सवय फार कामाची आहे. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा साधारण 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, गादीला कडक ऊन दाखवा. एसीची जाळी महिन्यातून एकदा धुवायला दहा मिनिटं लागतात.

खिडक्या कायम बंद ठेवणं ही आमची चूकच होती. उलट दिल्लीसारख्या शहरात हिवाळ्यात पहाटे आणि रात्री हवा जड असते. तिथे दुपारी थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात.

झाडं आणि मशीन

कुंड्यांनी हवा शुद्ध होते, ही समजूत नासाच्या 1989 मधल्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचा हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं, की घरात तसा परिणाम हवा तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील. मनीप्लांट जरूर लावा, पण हौस म्हणून.

एअर प्युरिफायर घ्यायचा तर हेपा फिल्टरचाच घ्या. तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. खोलीच्या आकाराला पुरेल एवढी क्षमता बघा आणि फिल्टर बदलण्याचा खर्च आधीच विचारा. ओझोन सोडणारं मशीन नकोच. आणि प्युरिफायर चालू ठेवून त्याच खोलीत कॉइल लावणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांना काय म्हणावं?

डॉक्टरांची औषधं आम्ही पूर्ण केली, ती टाळली नाहीत. फेब्रुवारीपर्यंत रात्रीचा खोकला थांबला. आता मच्छरदाणी लावायचं काम मुलाने स्वतःकडे घेतलं आहे. चारही बाजू गादीखाली नीट खोचल्या का, हे तो आम्हाला आत घेऊन तपासतो.