मद्रासचा ‘चांदोबा’ आणि दूरदर्शनवरचा वेताळ

भयकथा कागदावरून पडद्यावर आली की जुना वाचक आणि नवा प्रेक्षक यांच्यात हटकून वाद होतो. जपानी चित्रकथांवरून निघणाऱ्या चित्रपटमालांविषयी हा वाद आज जगभर चालतो. आपल्या घरातले त्याचे उदाहरण म्हणजे विक्रम आणि वेताळ.

१९४७ च्या जुलैत नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, ‘चंदामामा’ हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. १९५२ पासून ते ‘चांदोबा’ होऊन मराठी घरांत येऊ लागले. त्यातील वेताळकथांचे मूळ जुने आहे. अकराव्या शतकात काश्मिरी पंडित सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त अशा पंचवीस कथा गुंफल्या होत्या. मद्रासकरांनी मात्र त्या संख्येवर न थांबता वर्षानुवर्षे नव्या कथा रचल्या. चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम तर पिढ्यांच्या स्मरणात राहिला.

१९८५ मध्ये रामानंद सागर यांनी हाच विषय दूरदर्शनवर आणला. अरुण गोविल विक्रम झाले, सज्जन वेताळ झाले. कागदावरच्या वेताळाला आता आवाज मिळाला, हास्य मिळाले. शेजारपाजारची मुले एका संचासमोर दाटीवाटीने बसून एकदमच दचकू लागली. एकट्याने वाचताना वाटणारे भय येथे सामुदायिक झाले, आणि म्हणूनच थोडे गोडही झाले.

मग जुन्या वाचकाची तक्रार कशाची? ती समजण्यासाठी कथेची घडण पाहावी लागते. सोमदेवाच्या एका कथेत पती आणि भाऊ यांची तुटलेली मस्तके जोडताना एक स्त्री चुकून त्यांची अदलाबदल करते. आता तिचा पती कोणता? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला, तर मौन भंगून वेताळ पुन्हा झाडावर जाईल. मस्तक प्रधान, म्हणून ज्याच्या धडावर पतीचे मस्तक तोच पती, असा निवाडा राजा देतो, आणि वेताळ निसटतो.

मासिक वाचणारा मुलगा या प्रश्नापाशी अंक मिटून विचार करू शकत असे. भावंडांशी भांडू शकत असे. पडद्यावरचा राजा मात्र कोणासाठी खोळंबत नाही. प्रेक्षकाचा निवाडा होण्यापूर्वीच त्याचे उत्तर येते. भय वाढले, पण विचाराची उसंत आटली.

कोकणातल्या श्रोत्यांना तर वेताळ निव्वळ भूत वाटणारच नाही. आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फिरतो या श्रद्धेने त्याला मोठ्या चामडी वहाणा वाहतात. म्हणजे भयाच्या पोटी आधारही असू शकतो, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून उमगले आहे.

तेव्हा मुलांनी भुताच्या गोष्टी पाहाव्यात की नाही, एवढीच चिंता करणे अपुरे आहे. त्या गोष्टीत प्रश्न आहे काय, आणि उत्तर शोधायला मुलाला अवकाश मिळतो काय, हे पाहिले पाहिजे. ‘चांदोबा’ आता निघत नाही. पण पडदा क्षणभर थांबवून, “तू राजा असतास तर काय सांगितले असतेस?” असे विचारणारे वडीलधारे माणूस प्रत्येक घरात असू शकते.