युनियन आहे, मग कायदा लागत नाही?

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात शेड किंवा गोदाम बांधायला गेलेला मराठी ठेकेदार महाराष्ट्रातले कायदे डोक्यात घेऊन जातो. तिथे ते जसेच्या तसे चालत नाहीत.

गैरसमज: अनुचित कामगार प्रथा फक्त मालकाकडूनच होतात.

औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या पाचव्या अनुसूचीत कामगार आणि त्यांच्या संघटनांसाठी वेगळा भाग होता. सभासद होण्यासाठी दमदाटी, घेराव, मालकाच्या घरासमोर निदर्शने हे सगळे त्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही यादी आहे. दंड 10 हजार ते 2 लाख रुपये.

गैरसमज: अशा प्रथेची तक्रार घेऊन थेट कोर्टात जाता येते.

ही सोय अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने दिली: 90 दिवसांत तक्रार, गरज पडल्यास अंतरिम आदेशही. चंदीगडला तो कायदा कधीच नव्हता. तिथे 1947 च्या कायद्याखाली खटल्यासाठी सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्याची तक्रार लागे.

गैरसमज: युनियनला स्पर्धा कायदा लागत नाही.

खरी गोची इथे आहे. हिंदी महाभारत मालिकेच्या बंगाली डबिंगला बंगालमधल्या कलाकार-तंत्रज्ञांनी विरोध केला. त्यांच्या समन्वय समितीने चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेशी हातमिळवणी केली होती, म्हणून 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियनचा बचाव फेटाळला. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाने मुंबईच्या सिने कर्मचारी महासंघाची ‘आमच्याच सभासदांना काम द्या’ ही अट स्पर्धाविरोधी ठरवली. बांधकामातला गाजलेला दाखला अमेरिकेचा. डॅलसच्या प्लंबर युनियनला कॉनेल या बांधकाम कंपनीच्या कामगारांचे प्रतिनिधित्व करायचेच नव्हते. प्लंबिंगचे काम आपल्याशी करार असलेल्यांनाच द्या, एवढाच हट्ट. 1975 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितले, या कराराला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सरसकट सूट नाही.

वाळू-खडी आणणाऱ्या ट्रक युनियनचे तर नावच फसवे. सभासद कामगार नव्हे, ट्रकमालक! त्यांच्या मक्तेदारीविरुद्ध पंजाबने 2017 मध्ये नियम केले; चंदीगड केंद्रशासित, म्हणून ते तिथे आपोआप लागू नाहीत. स्पर्धा कायदा मात्र देशभर लागू आहे.

गैरसमज: मग मजुरीवाढीसाठी एकजूट म्हणजेही कार्टेल, म्हणजे बेकायदा संगनमत.

अजिबात नाही. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले मिळून दर मागतात तो त्यांचा हक्क आहे.

तेव्हा युनियनचे पत्र आले की वकिलाकडे धावण्याआधी ते नीट वाचा. मागणी मजुरीची असेल तर बोलणीला बसा. कोणाला काम द्यायचे आणि माल कोणाकडून घ्यायचा, हे त्यात बजावले असेल, तरच स्पर्धा आयोगाचा विचार करा.