दुर्बळ हृदय आणि घरची शुश्रूषा

व्यापारी माणूस स्वतःच्या प्रकृतीची हयगय करतो, ही तक्रार जुनीच आहे. दुकानात गिऱ्हाईक उभे असता छातीत होणारी घालमेल तो वायूवर ढकलतो, जिना चढताना लागणारा दम वयाच्या खाती मांडतो, आणि संध्याकाळी पायांवर येणारी सूज दिवसभर गादीवर बसल्याने आली असेल, अशी स्वतःची समजूत घालतो. पुढे एके रात्री आडवे पडताच श्वास कोंडतो, घरात धावपळ उडते, आणि मोटार वापीच्या किंवा मुंबईच्या रस्त्यास लागते. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी परततो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रवास घडतो. सिल्वासा आणि आसपासच्या भागांतील पुष्कळ कुटुंबांस हा अनुभव अपरिचित नसावा. या दोन प्रवासांमधील दिवस रुग्णाने व कुटुंबाने कसे घालवावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विकारास डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. नाव ऐकताच मनात धडकी भरते. परंतु त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. हृदयविकाराचा झटका, अनेक वर्षांचा रक्तदाब, झडपांचा दोष, मधुमेह इत्यादी कारणांनी हृदयाचा स्नायू दुर्बळ किंवा ताठर होतो आणि शरीरास लागेल तितके रक्त पुढे ढकलू शकत नाही. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. ते पाणी पायांत उतरते, पोटात साचते, फुप्फुसांत भरते. दम, सूज, थकवा, अन्नावरील वासना जाणे व झोप न लागणे ही त्याचीच लक्षणे होत. केरळात तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली अशा १,२०५ रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यांचे सरासरी वय अवघे ६१ वर्षे होते, आणि पुढील पाच वर्षांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. म्हणजे हा केवळ अतिवृद्धांचा रोग नव्हे, आणि सामान्यही नव्हे.

उपशामक शुश्रूषा म्हणजे काय?

औषधोपचाराने या रोगास पुष्कळ आवर घालता येतो. गेल्या काही दशकांत निघालेल्या औषधांनी रुग्णांचे आयुष्य निश्चित वाढविले आहे, आणि ती नियमाने घेणे हा पहिला धर्म होय. परंतु रोग समूळ जात नाही. अशा वेळी रुग्णाचा त्रास कमी करणे, त्याच्या मनास आधार देणे आणि कुटुंबाचा भार हलका करणे, यासाठी जी शास्त्रशुद्ध काळजी घेतली जाते, तीस उपशामक शुश्रूषा अथवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेव्हापासून या शाखेस आधुनिक रूप आले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले आणि पुण्यास १९९७ साली सिप्ला संस्थेचे केंद्र निघाले. या संस्थांचे कार्य मुख्यतः कर्करोग्यांसाठी असल्यामुळे ही शुश्रूषा कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेपुरतीच असते, असा समज आपल्याकडे रूढ झाला.

हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ सालच्या अंदाजानुसार जगात अशा शुश्रूषेची गरज असलेल्या प्रौढांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे शेकडा ३८.५ होता, आणि कर्करोगाचा ३४. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १५० हृदयरुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीस ज्यांना उपशामक शुश्रूषा मिळाली, त्यांचे दैनंदिन जीवन अधिक सुसह्य झाले व खिन्नता कमी झाली, असे त्यात आढळले. 'जोडीस' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ही शुश्रूषा म्हणजे हात टेकणे नव्हे. औषधे चालूच राहतात, हृदयाचे डॉक्टरही तेच राहतात.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कर्करोगाचा उतार बहुधा एकाच दिशेने असतो. दुर्बळ हृदयाची वाट मात्र चढउताराची असते: रुग्ण एकदम खालावतो, पुन्हा सावरतो, परंतु पहिल्या जागी येत नाही. कोणता उतार शेवटचा, हे डॉक्टरांसही सांगता येत नाही. म्हणून 'वेळ आली की पाहू' हे धोरण येथे घातक ठरते. शुश्रूषेचा आरंभ रुग्ण हिंडता-फिरता असतानाच व्हावयास हवा.

घरी काय करावे?

ज्यास रोजमेळ लिहिण्याची सवय आहे, त्यास पहिला नियम शिकवावा लागणार नाही. रोज सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि वहीत टिपून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसल्यास ती अंगावरील चरबी नसून साचलेले पाणी होय. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. गोळीच्या मात्रेत वेळीच फेरफार झाल्यास मध्यरात्रीचा मोटारप्रवास पुष्कळदा टळतो.

दुसरा नियम मिठाचा. निरोगी माणसानेही दिवसास पाच ग्रॅमांहून, म्हणजे चहाच्या लहान चमचाभराहून, कमी मीठ खावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या घरांतील पापड, लोणचे, फरसाण, शेव व बाजारी खाखरा यांतून मीठ नकळत पोटात जाते. 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये, कारण त्यातील पोटॅशियम हृदयाच्या काही औषधांबरोबर धोकादायक ठरते. पाणी किती प्यावे, हेही त्यांसच विचारावे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. कित्येक रुग्ण त्यांपायी रुग्णालयात जातात.

दम लागल्यास रुग्णास आडवे न निजविता उशांच्या आधाराने बसते करावे, किंवा समोर मेज ठेवून त्यावर हात टेकवून पुढे झुकू द्यावे. खिडकी उघडावी आणि लहान पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्यावा. हा उपाय साधा वाटला तरी त्याने खरोखर आराम पडतो. भोवती गर्दी करू नये; घाबरलेल्या चेहऱ्यांनी दम अधिक वाढतो. इतर उपायांनी न हटणाऱ्या दमावर काही रुग्णांस अल्प मात्रेतील मॉर्फिनचा उपयोग होतो. ते द्यावे की नाही, हे जाणत्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्यावरील कायद्याची अडचण मात्र २०१४ सालच्या दुरुस्तीने बरीच दूर झाली आहे.

उपवासाविषयीही स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेऊन निर्जळ उपवास केल्यास रक्तदाब एकदम उतरतो आणि मूत्रपिंडांस इजा होते. म्हणून पर्युषणापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतील काय, हे विचारावे. पुष्कळदा त्या बसविता येतात. रुग्ण व्रत लपवितो आणि डॉक्टर अंधारात राहतात, यात खरा धोका आहे. संथारा हा व्रताचा विषय आहे. त्यास गुन्हा ठरविणारा राजस्थान उच्च न्यायालयाचा १० ऑगस्ट २०१५ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगित केला. उपशामक शुश्रूषा ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. ती मृत्यूस बोलावीत नाही, आणि त्यास रेटून लांबवीतही नाही.

बोलावयाचे ते वेळीच बोलावे

मुलगा वडिलांस म्हणतो, "बापूजी, काळजी करू नका, सारे ठीक होईल." वडीलही मुलास तेच सांगतात. दोघांसही सत्य ठाऊक असते आणि दोघेही ते एकमेकांपासून झाकतात. दुकानाचे व्यवहार, मालमत्ता यांची कागदपत्रे आपण वेळेवर करतो. परंतु पुन्हा अतिदक्षता विभागात जावयाचे की घरीच राहावयाचे, श्वासाचे यंत्र लावावयाचे की नाही, हे त्या माणसास कोणी विचारीत नाही. अखेर तो निर्णय अनोळखी दालनाच्या दाराशी, रडणाऱ्या मुलांस पाच मिनिटांत घ्यावा लागतो, आणि 'आपण चुकलो काय?' ही टोचणी त्यांस पुढे वर्षानुवर्षे राहते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्रास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली असून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. ज्यांच्या छातीत झटका देणारे यंत्र बसविले आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी. अखेरच्या दिवसांत त्या यंत्राचे झटके निष्कारण यातना देतात, आणि शस्त्रक्रियेवाचून ते बंद करता येतात.

संवत्सरीस आपण एकमेकांची क्षमा मागतो. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने त्या एका दिवसाची वाट पाहू नये.

संघाने काय करावे?

केरळात मलप्पुरमच्या बाजूस २००१ च्या सुमारास शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी जाळे उभारले. सामान्य लोकांच्या लहान लहान देणग्यांवर आणि प्रशिक्षित स्वयंसेवकांवर ते चालले, आणि २००८ साली तेथील सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरणच स्वीकारले. आपल्या शहरात विनोबा भावे शासकीय रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेथील डॉक्टरांस वर्षातून एकदा बोलावून सभासदांच्या कुटुंबीयांसाठी एक वर्ग भरविणे संघास अवघड नाही. डोक्याकडून उचलता येणारी खाट, चाकाची खुर्ची, वजनकाटा या वस्तू संघाने विकत घेऊन गरजू घरी वापरावयास द्याव्यात. आणि ज्या सुनेच्या किंवा पत्नीच्या खांद्यावर ही शुश्रूषा महिनोन्महिने असते, तिला आठवड्यातून एक दुपार विसावा मिळावा म्हणून पाळीने बसणाऱ्या चार-सहा जणांची यादी करावी.

वैयावृत्त्यास आपल्या परंपरेने अभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. आजाऱ्याची सेवा हे उपवासाच्या बरोबरीचे तप होय, ही शिकवण नवी नाही. आता फक्त तिला थोड्या शास्त्राची आणि थोड्या व्यवस्थेची जोड द्यावयाची आहे. हिशेबात पक्का असलेला समाज एवढे निश्चित करू शकेल.